मनगटाला मनगट

अण्णा, काल सकाळी सुनेत्राबाईंनी मैदानावर जोड्या लावल्या आणि माझ्यासमोर कुणीच उरलं नाही.

तुमचा तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले. आई म्हणाल्या, "जा आता. घरात बसून काय करणार आहेस?" म्हणून गेले. सुरुवातीचं सगळं नीट झालं. हंडा कवेत धरल्यासारखे हात, गुडघे सैल, खांदे सोडलेले. हळूहळू एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन नेलं, तेही जमलं. मग बाई म्हणाल्या, "चला, जोडीचा सराव." सगळे सवयीने आपापल्या माणसासमोर जाऊन उभे राहिले. मीही सवयीने उजवं मनगट पुढे केलं. समोर शाळेची भिंत होती.

बाईंच्या लक्षात आलं. त्या स्वतः येऊन उभ्या राहिल्या, मनगटाला मनगट लावलं. पण त्यांचा हात किती सभ्य, अण्णा! तुमच्या हातात एक खोडी असायची. आत्ता ढकलतील की मग, याचा पत्ता लागायचा नाही, आणि तो लावण्यात माझी सकाळ जायची. बाईंशी दोन-चार फेऱ्या झाल्यावर मी म्हटलं, "आज एवढंच." मी पायरीवर बसून चपला घातल्या आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. तेव्हा ठरवलं की तुमच्याशी एकदा सगळं बोलून घ्यायचं. तुम्ही मधेच तोडणार नाही, ही पहिलीच वेळ.

सुरुवात तुम्हीच केली होती. मला ऑफिसात चक्कर यायला लागली ते दिवस आठवा. खराडीच्या त्या काचेच्या इमारतीत एकदा जिन्यावरच खाली बसले, आणि चार जणांनी धरून लिफ्टने खाली आणलं. डॉक्टर म्हणाले, कानातला तोल बिघडलाय, गोळ्या घ्या आणि तोलाचे व्यायाम करा. घरी नितीन म्हणाला, "थोडे दिवस नोकरी सोडतेस का?" आई म्हणाल्या, "सोड ना. काय अडलंय आपलं?" दोघंही प्रेमानेच म्हणत होते. मी "बरं" म्हटलं. वर्ध्याला आमच्या घरी मुलींना लवकर शिकवलेला शब्द तो. बाबांनी काही सांगितलं की "बरं", दादानं काही सांगितलं की "बरं." लग्न होऊन पुण्याला, कसब्यात आले तर सोबत तोच घेऊन आले.

तुम्ही ताटावरून मानही वर केली नव्हती. आमटीत भात कालवत म्हणालात, "नोकरी सोडल्यावर चक्कर कुठे जाते? खराडीतच राहते का?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही भाजी आणायला म्हणून गेलात आणि भाजीऐवजी बातमी घेऊन आलात. जवळच्या शाळेच्या मैदानावर सकाळी सुनेत्राबाई म्हणून एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट ताई ची शिकवतात. चीनमधला प्रकार आहे, हळू हळू हात-पाय हलवतात, म्हाताऱ्यांचा तोल सुधारतो म्हणे.

"कुणाच्या ताईची?" आईंनी विचारलं.

"ते विचारायचं राहिलं," तुम्ही म्हणालात. "पण दादाची नाही एवढं नक्की. फार हळू चाललं होतं."

मला एकटीला जायचा धीर होत नव्हता. रस्त्यात चक्कर आली तर काय, म्हणून तुम्ही सोबत आलात. पहिले काही दिवस तुम्ही कट्ट्यावर पेपर वाचत बसायचात आणि पेपरावरून शेरे मारायचात. तरुणपणी तुम्ही तालमीत लाल माती अंगाला लावलेली. बुधवार पेठेतल्या आपल्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की अजून धोबीपछाड हवेत करून दाखवायचात, असं नितीन सांगतो. तुम्हाला हे सगळं म्हणजे कवायतीचं सोंग वाटायचं. एकदा न राहवून तुम्ही बाईंना विचारलंत, "याने मारता येतं का?"

"येतं," बाई म्हणाल्या.

"दाखवा."

बाईंनी तुम्हाला समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "ढकला मला." तुम्ही आधी एका हाताने ढकललंत. बाई नुसत्या कमरेत वळल्या. मग तुम्ही चिडून दोन्ही हात लावलेत, आणि कसे कुणास ठाऊक, माझ्या शेजारी येऊन पोहोचलात. बाईंनी तुम्हाला पडू दिलं नव्हतं, कोपराला धरलं होतं. तुम्ही बराच वेळ आपल्या हाताकडे बघत होतात. त्या दिवसापासून पेपर घरी राहायला लागला.

जोडीच्या सरावाची वेळ आली तेव्हा वर्गात बाकी सगळ्यांच्या जोड्या ठरलेल्या होत्या. उरलो आपण दोघं. बाईंना त्यात काहीच वाटलं नाही. मला मात्र घाम फुटला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तुमच्या पायांना सोडून मी तुम्हाला कधी हात लावला नव्हता. पाण्याचा पेलासुद्धा मी टेबलावर ठेवायचे आणि तुम्ही उचलायचात. तुम्हीही जरा घुटमळलात. मग म्हणालात, "हे बघ, मी आखाड्यात मोठा झालोय. तिथे समोर उभा राहील तो जोडीदार. नातं कपड्यांबरोबर खुंटीला टांगायचं." आणि मनगट पुढे केलंत.

घरी आईंनी ऐकलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, सून आहे ती तुमची. लोक काय म्हणतील? सासरा-सून शाळेच्या मैदानावर झटापट करतात?"

"घरात करत नाहीत हेच नशीब म्हणावं लोकांनी."

आई हसल्या नाहीत. पुढे कितीतरी दिवस आपण परत आलो की त्या चहाचे कप जरा आवाज करून ठेवायच्या. तुम्ही ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. मला ते जमायचं नाही.

मला ढकलताच येत नव्हतं, अण्णा. हे तुम्हाला माझ्याआधी कळलं. हाताला हात लावून गोल फिरवत राहायचं, समोरच्याचं वजन कुठे आहे ते कातडीने ऐकायचं, आणि तो जरा अडकला की ढकलायचं. ऐकणं मला पहिल्या दिवसापासून यायचं. तुमचं वजन उजव्या टाचेवर गेलं, श्वास अडला, डावा खांदा ताठरला, सगळं कळायचं. पण ढकलायची वेळ आली की माझा हात आपोआप मागे यायचा.

"ढकल," तुम्ही म्हणायचात.

"ढकलून राहिली ना."

"ढकलून राहिलीस की ढकलतेस? एक काहीतरी ठरव."

वऱ्हाडी बोलण्यावरून तुम्ही माझी अशी खेचायचात, आणि मी चिडेन याची वाट बघायचात. मी चिडायचे नाही. "बरं" म्हणायचे. एके दिवशी तुम्ही हात खाली घेतलात आणि अगदी हळू आवाजात म्हणालात, "अगं, तू सगळ्यांनाच अशी वाट करून देत आलीस. त्याचं कौतुक आहे मला. पण समोरच्याला कळायला नको का, की इथे कुणीतरी उभं आहे?"

पुढच्या फेरीत मी ढकललं. विचार करून नाही, झालं ते. तुमची पावलं दगडासारखी रोवलेली असायची, ती उचलली गेली आणि तुम्ही मागे गेलात. मी घाबरून तुमचा हात धरायला धावले, "लागलं का?" म्हणून. तुम्ही मात्र बाईंना हाका मारत होतात. "बाई! बघितलंत का? सूनबाईंनी ढकललं! अहो, बघितलंत का?" सगळा वर्ग वळून बघत होता. इतका आनंद तुम्हाला नितीनच्या नोकरीच्या वेळीही झाला नसेल.

घरी येईपर्यंत वाटेत ज्याला त्याला सांगत होतात. वाण्याला, पेपरवाल्याला, देवळाबाहेरच्या फुलवालीला. फुलवालीने माझ्याकडे असं पाहिलं की मला तोंड कुठे लपवू असं झालं. "म्हाताऱ्या सासऱ्याला ढकलते?" ती म्हणाली. तुम्ही म्हणालात, "रोज!"

चक्कर हळूहळू कमी झाली. गोळ्यांनी की व्यायामाने, डॉक्टर म्हणाले दोन्हींनी. नोकरी टिकली. आणि एक दिवस नव्या साहेबांनी मला विचारलं की रात्रीची पाळी घ्याल का, तुम्ही कधी नाही म्हणत नाही असं ऐकलंय. मी म्हटलं, "नाही, मला जमणार नाही." आवाज चढवला नाही, कारणंही दिली नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं, आणि ते दुसऱ्या विषयाकडे वळले. घरी येऊन तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "पाय कुठे होते?"

"टेबलाखाली."

"सैल?"

"सैल."

"मग ठीक," म्हणालात आणि बातम्यांचा आवाज वाढवलात.

आता भांडणाकडे वळू. दोन भांडणं अर्धवट राहिली आहेत आपली.

पहिलं बुधवारातलं. अंगारकीला आईंनी दूर्वा आणि नारळ देऊन आपल्याला दगडूशेठला पाठवलं होतं. दर्शन झालं, बाहेर आलो, आणि कोपऱ्यावर कुठेतरी एक गाडी आडवी अडकली. मागून गर्दी येतच राहिली. आधी खांद्याला खांदा लागला, मग श्वास घ्यायला जागा उरेना. एक बाई किंचाळली आणि सगळे एकदम पुढे रेटले. तुमच्या छातीशी लोखंडी कठडा होता, तुमच्या पाठीशी मी, आणि माझ्या पाठीशी सगळं पुणं. तुमच्या मानेवरच्या शिरा मला दिसत होत्या. मी पाठ ताठ करून गर्दीला अडवायला गेले, तर तुम्ही वळून न बघताच म्हणालात, "अडवू नकोस. वळ."

मी वळले. गुडघे सैल केले, मागून आलेला रेटा पाठीवरून खांद्यावर, खांद्यावरून बाजूला जाऊ दिला. तो गेला. एक लाट गेली, दुसरी आली, तीही तशीच गेली. प्रत्येक लाटेबरोबर आपण अर्धं पाऊल कठड्याच्या कडेला सरकत होतो, तुमचं मनगट माझ्या हातात होतं. शेवटी इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दुकानाच्या पायरीवर चढलो. दुकानदार तुमच्या ओळखीचा निघाला. त्याने पाणी दिलं. तुमचा शर्ट खांद्यापाशी फाटला होता आणि नारळ मात्र तुमच्या काखेत शाबूत होता.

तुमचं म्हणणं, मी तुला वाचवलं, "वळ" म्हटलं नसतं तर तू चेंगरली असतीस. माझं म्हणणं, वळले मी, ओढून काढलं मी, तुम्ही फक्त नारळ सांभाळलात. हे भांडण आपण पाहुण्यांसमोरसुद्धा करायचो. तुम्ही म्हणायचात, "मी विचारलं होतं ना याने मारता येतं का, तर त्याची गरजच नाही, मरता येत नाही एवढं पुरे." आणि वर स्वतःच हसायचात. अण्णा, खरं सांगायचं तर त्या कठड्यापाशी मी तुमच्यासाठी घाबरले होते, स्वतःसाठी नाही. भांडणात हे कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडण संपलं असतं.

दुसरं भांडण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

तुमचं हृदय थकलंय हे कळल्यावर डॉक्टरांनी जिना कमी करा, जड उचलू नका, दगदग नको, असं सांगितलं. बाईंनी तुम्हाला खुर्चीवर बसून करायचे प्रकार दिले. ते तुम्ही केलेत, पण जोडीचा सराव सोडायला तयार नव्हतात. डॉक्टर म्हणाले, हलका चालेल. म्हणून मी हलका केला. तुम्ही ढकललंत की मी थोडी आधीच मागे जायचे. माझी वेळ आली की हात नुसता टेकवायचे. काही दिवस तुम्ही चालवून घेतलंत. मग एका सकाळी मधेच थांबलात.

"खोटी पडतेस."

"नाही हो, अण्णा."

"माझा हात मेला नाहीये अजून. मला कळतं समोरचा पडला की पाडून घेतला ते." तुमचा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "औषधं तुम्ही मोजून देता, मीठ तुम्ही मोजून देता. ही एक जागा होती जिथे मी आजारी नव्हतो."

मीही गप्प बसले नाही. तुम्हीच शिकवलं होतं. म्हटलं, "समोरच्याचं वजन ऐकायचं आणि तेवढाच जोर लावायचा, हेच शिकलोय ना आपण? मला तुमचं वजन ऐकू येतं. तुमची धाप ऐकू येते. ते ऐकून न ऐकल्यासारखं करू?"

"मग सांग ना तसं तोंडाने! नाटक कशाला?"

तुम्ही घरी निघून गेलात आणि आठवडाभर मैदानावर आला नाहीत. घरात बोलायचात, पण तिऱ्हाइताशी बोलावं तसं. "मीठ द्या जरा." मला अहोजाहो! आईंनाही ते सहन झालं नसावं. एकदा स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "काय ते तुमचं हातांचं भांडण आहे ते मिटवा बाई. घर कसं ओकंबोकं झालंय."

मिटायच्या आत तुम्हाला दवाखान्यात न्यावं लागलं.

तिथली ती दुपार मला सांगायची आहे, कारण घरातले तिथे आपण दोघंच होतो आणि आता एकटी मीच उरले. पायांवर सूज होती, दोन वाक्यांमध्ये दम लागत होता. डॉक्टरांनी थोडं उभं करा, खुर्चीत बसवा म्हटलं. दोन वॉर्डबॉय काखेत हात घालायला आले, तर तुम्ही म्हणालात, "पोतं आहे का मी?" ते माझ्याकडे बघायला लागले. नर्स वैतागली होती. मी म्हटलं, "मला बघू द्या."

तुमच्यासमोर उभी राहिले. दोन्ही मनगटं पुढे केली. तुम्ही जरा वेळ बघत राहिलात. रुसवा अजून गेला नव्हता, डोळ्यांत दिसत होता. मग तुमची मनगटं माझ्या मनगटांवर आली. किती हलकी झाली होती ती. मी ओढलं नाही. थोडं मागे गेले, तुम्ही थोडं पुढे आलात, वजन पावलांवर आलं आणि तुम्ही उभे राहिलात. हाताला हात होता, तो फिरायला लागला. सवयीने. खिडकीतून ऊन येत होतं. नर्स काहीतरी लिहीत होती.

आणि तुम्ही ढकललंत.

खरं ढकललंत, अण्णा, होतं नव्हतं ते सगळं लावून. मला विचार करायला वेळ नव्हता, आणि बरंच झालं. मी मागे गेले नाही. कमरेत वळले. तुमचा धक्का रिकाम्या जागेत गेला, तुम्ही पुढे कलंडलात, मी कोपर धरलं आणि तुम्हाला पुन्हा पलंगावर बसवलं. नर्स ओरडत आली, "काय चाललंय हे?" तुम्ही खोकत होतात आणि खोकता खोकता हसत होतात. दम आला तेव्हा म्हणालात, "आत्ता जोडी झाली."

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. तुम्ही जिंकलात, मी शेवटी खरी खेळले. पण मी कोपर धरलं होतं, हे तुम्ही लक्षात घेत नाही. आधीच धरायला हात तयार ठेवला होता. म्हणजे मीही माझं सोडलं नव्हतं. मी अजूनही म्हणते की धाप लागलेल्या माणसासमोर हात हलका करणं हे नाटक नव्हे. तुम्ही अजूनही नाही म्हणाल. राहू दे तसंच.

त्यानंतर तुम्ही उभे राहिला नाहीत. फोन आला तेव्हा मी खराडीत होते, मीटिंग चालू होती. नितीनला नीट बोलता येत नव्हतं.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नाही. सांगता आली नाही, कारण आपण असलं काही बोलायचो नाही. माझ्या बाबांनी मला कधी मारलं नाही, कधी काही कमी केलं नाही, पण मी मोठी झाल्यापासून त्यांनी माझा हातही हातात घेतला नाही. तसंच असतं, असं मला वाटायचं. वडीलधाऱ्या पुरुषासमोर खाली बघून उभं राहायचं, एवढंच मला ठाऊक होतं. तुम्ही मला वर बघायला लावलंत, आणि मी ढकललं तर तुम्ही गल्लीभर पेढे वाटल्यासारखी बातमी वाटलीत. तुमच्याकडून मी तोल शिकले असं लोक म्हणतात. तोल बाईंनी शिकवला. तुम्ही मला समोर उभं केलंत.

आता त्या दिवसाचं सांगते. तुम्ही होतात, पण तुम्हाला ठाऊक नाही.

आपल्या गल्लीत शववाहिनी येत नाही, ती रस्त्यावर उभी होती. तिथपर्यंत खांद्यावर न्यायचं होतं. नितीन पुढे उभा राहिला, त्याच्या शेजारी त्याचा चुलतभाऊ, मागे एका बाजूला शेजारचे जोशी. चौथ्या जागी तुमचे धाकटे भाऊ, बापूकाका, सरसावले. त्यांचा खांदा गेल्या वर्षी उतरलेला, हात वर जाईना. लोक इकडेतिकडे बघायला लागले, कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. मी दारात होते. मी पुढे झाले.

बापूकाका म्हणाले, "सूनबाई, तुम्ही राहू द्या. आपल्यात बायका..." आणि थांबले. त्यांना वाईट बोलायचं नव्हतं. आजूबाजूच्या बायकाही माझ्याकडे बघत होत्या. मी तिथेच उभी राहिले. मागे गेले नाही.

आत भिंतीला टेकून आई बसल्या होत्या. सकाळपासून त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या, रडल्याही नव्हत्या. त्यांनी मान वर केली.

"धरू द्या तिला, बापू," त्या म्हणाल्या. "ह्यांना तिच्या हाताची सवय आहे."

बापूकाका बाजूला झाले. मी पदर खोचला, गुडघे सैल केले, आणि नितीनने "हं" म्हटल्यावर तुम्हाला उचललं. तुमचं वजन खांद्यावर आलं, तिथून कमरेत, कमरेतून पायांत उतरलं. गल्ली अरुंद, जोशींची पावलं लांब आणि माझी आखूड. दोन पावलांत आमचं जमलं, आणि आम्ही रस्त्याकडे निघालो.